भांडखोर बाईची पाटी

आचरा,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

माझी पाटी कोणाला विचारून उतरवलीस? काल शेजारी तुळशीच्या लग्नाला गेले होते, अक्षता टाकून परत येते तर खानावळीच्या दारावर नुसते खिळे आणि मध्ये भिंतीचा पांढरा चौकोन. घरातले कोणी गेल्यासारखे झाले. सत्यवान पेंटरला हाक मारली तर मान खाली घालून म्हणतो, देवेशचा पुण्याहून फोन आला, पाटी काढून नव्या खोल्यांकडे ठेव म्हणाला. आज उजाडता गेले बघायला. वेशीबाहेर खाडीकडच्या माडांत तुझ्या त्या चार खोल्या, आणि दारात माझी पाटी पालथी. तिच्यावर सिमेंटचे घमेले. गवंडी तिच्यावर पाय देऊन चढत होता. त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, तो तेव्हा गेला तो अजून परतलेला नाही.

चि. देवेश यास आजीचे आशीर्वाद. राग आला म्हणून आशीर्वाद बंद करत नाही, पण या खेपेला थोडेच पाठवते.

फोन करणार नाही. फोनवर तू ऐकतो ऐकतो म्हणतोस आणि तिकडे दुसऱ्याशीच बोलतोस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

नवी पाटीपण बघितली. राखाडी रंग, मुंगीएवढी अक्षरे, तीही इंग्रजी. सत्यवानाने वाचून दाखवले, सॉल्ट व्हरांडा. अर्थ विचारला तर म्हणे मीठ आणि पडवी. अरे मेल्या, पडवीत मीठ ठेवले तर दमट हवेने पाणी सुटते. एवढे तुझ्या बायकोला तरी ठाऊक असेल, रश्मी नांदगावची आहे. तू पुण्यात काय खाऊन नाव काढलेस ते तुलाच माहीत. शिरा पडली त्या नावावर.

माझ्या पाटीची लाज वाटते ना तुला? मग ऐक, ती कशी आली. तुझा आजोबा गेला तेव्हा तुझा बाप लवू पाळण्यात होता. मुक्कामाच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर कोरड्या पोह्यांवर झोपायचे, त्यांना मी भात आणि माशाचे सार घालू लागले. माझा दीर गंगाराम, त्याच्या पोटात दुखले. विधवेने परक्या बाप्यांना जेवू घालायचे म्हणजे काय! तो बाजारभर सांगत सुटला, ती बाई भांडखोर आहे, जाऊ नका, भरल्या पानावरून उठवते. उठवलेच होते मी. एकाने अख्खा बांगडा टोचून टोचून पानात टाकला होता. पण झाले काय, लोक स्टँडवर उतरून विचारू लागले, ती भांडखोर बाई खंय रवता? गंगारामाने फुकट दवंडी पिटली. तेव्हा मी सत्यवानाच्या बापाला बोलावले आणि सांगितले, लाल रंगात लिही, भांडखोर बाईची खानावळ. तो बिचारा ब्रश धरून थांबला, वहिनी असे कसे लिहू म्हणाला. मी म्हटले, शिवी माझी आहे, तू नुसता रंग लाव.

लोकांनी थुंकलेले नाव मी पुसून दारावर लावले. ते तू गवंड्याच्या पायाखाली दिलेस.

कळावे. पाटी लगोलग जागेवर हवी. लोभाचे मागाहून बघू.

तुझी आजी,
यशोदा


पुणे,
१८ नोव्हेंबर

ती. गं. भा. आजीस देवेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. रश्मीने दारातच उघडले आणि मला न देता स्वतःच पूर्ण वाचले, त्यामुळे आता घरात मला दोघींचा मार आहे.

पाटी मी फेकलेली नाही. सांभाळून ठेव असे सत्यवानाला स्पष्ट सांगितले होते. घमेल्याबद्दल खरेच वाईट वाटले. पण ती परत दारावर लावणार नाही, आणि का ते एकदा शांतपणे वाच.

मी नोकरी सोडली आहे. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या साबणांना आणि बिस्किटांना नावे देत बसलो, आता पहिल्यांदा स्वतःचे काही उभे करतो आहे. या प्रोजेक्टचे नाव झाले तर तो चालेल, नाहीतर मी परत कोणाच्या तरी ऑफिसात खाली मान घालून बसेन. तू म्हणतेस तुझे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आजी, ज्याला ठाऊक आहे त्याला पाटी लागतच नाही! पाटी लागते ती ज्याला काहीच माहीत नाही त्याला. पुण्यातली एखादी बाई दोन मुलांना घेऊन सुट्टीत कुठे जावे म्हणून फोनवर शोधत असते. भांडखोर नावाच्या जागी ती मुले घेऊन येईल का? मी स्वतः फोनमध्ये भांडखोर बाई असे टाकून बघितले. घटस्फोटाचे वकील निघाले.

खानावळ बंद कर असे मी म्हणत नाही. चूल खोल्यांकडे न्यायची, दोन बायका ठेवायच्या आणि तू आता बसायचे. पुष्कळ केलेस.

उद्घाटन १५ डिसेंबरला ठरवले आहे. पुण्या-मुंबईची काही कुटुंबे बोलावली आहेत, जेवणाचे फोटो आणि व्हिडिओ टाकणारी. त्यांचे हजारो लोक बघतात. त्यांच्यासमोर तू नवे लुगडे नेसून दारात उभी राहा, नमस्कार कर, आणि आजी, तुझ्या पाया पडतो, त्या एका दिवशी कोणावर ओरडू नकोस.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा. बाकी ठीक.

तुझा,
देवेश


आचरा,
देवदिवाळी

चि. देवेश यास आशीर्वाद. बसायचे म्हणे. चुलीपासून उठवून मला झोपाळ्यावर बसवणार, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारले की ही कोण, तर ही आमची आजी, हिचे पूर्वी काही होते. असे बसायला मी अजून मेले नाही.

बातमी आधी सांगते. रामेश्वराचा कौल झाला. गावपळण लागली, आणि तुझ्या उद्घाटनाच्याच रविवारी नौबत वाजणार. तीन दिवस, तीन रात्री. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. गावात चुलीला विस्तव नाही, तुळशीपुढे दिवा नाही. मी कौल लावायला सांगितला असे तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते, देव माझ्या सांगण्यातला नाही. असता तर गंगाराम एवढा जगला नसता.

तुझ्या खोल्या वेशीबाहेर आहेत म्हणून तू खूश होशील. हो खूश. सगळी वाडी तुझ्या आजूबाजूलाच माडाच्या चुडतांच्या झोपड्या घालणार आहे. माझी झोपडीपण तिथेच, खाडीच्या वळणावर. सामान नेऊन झाले.

तू म्हणतोस ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी पाटी. बरे. तुझी ती पुण्याची बाई तळेऱ्याला वळेल, कणकवली सोडेल, इथवर येईल. मग तुझा फोन मुका होईल, इथे रेंज कोणाच्या बापाची आहे? तेव्हा ती गाडीची काच खाली करून माणसालाच विचारेल. त्या माणसाच्या तोंडात तुझे नाव बसतच नसेल तर तुझी राखाडी पाटी काय झक मारते? मुक्कामाच्या एसटीच्या भाई ड्रायव्हरला मी चार वेळा सांगितले सॉल्ट व्हरांडा. चारही वेळा त्याने निराळेच काही म्हटले, त्यातले एक वाईट होते.

तेव्हा नावाचेच बघू या. तुझ्याकडे पाटी आहे. माझ्याकडे नाही, ती तू काढलीस. बघू कोणाकडे कोण पोचते ते.

लुगडे नेसेन, मी काही उघडी फिरत नाही. नमस्काराला उभी राहणार नाही.

लवूला पण कळव. तो मुंबईत बसून कोणाचीच बाजू घेत नाही, त्यालाही आशीर्वाद, अर्धा.

यशोदा


नांदगाव,
२० डिसेंबर

ती. गं. भा. आजीस रश्मीचा शि. सा. न.

मी माहेरी आले आहे. देवेश पुण्याला गेला. तो काही लिहिणार नाही, त्याला लाज वाटते. मला वाटत नाही, म्हणून मीच लिहिते.

त्या रविवारी आम्ही दोघे सकाळपासून खोल्यांत पाहुण्यांची वाट बघत होतो. दारात रांगोळी, केळीच्या पानांवर काजूची उसळ, सुरमई, सगळे वाढून तयार. दुपार झाली, कोणी नाही. फोन लागत नव्हता. उन्हे उतरली तेव्हा देवेश स्कूटर घेऊन बघायला निघाला आणि मी चालत. काय झाले होते ते नंतर पाहुण्यांकडूनच कळले. रस्त्याच्या कडेला एवढ्या झोपड्या, त्यांच्याआड आमची बारीक अक्षरांची पाटी दिसलीच नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक झोपडीपाशी गाडी थांबवून विचारले. प्रत्येकाने मान हलवली. असे काही इथे नाही, कधी ऐकले नाही, गोव्याकडे असेल. ज्या सत्यवानाने आमची पाटी स्वतःच्या हाताने रंगवली, तो म्हणाला मी बाहेरगावचा आहे! बिचारे शेवटी गावात शिरले. घरे बंद, रस्त्यावर कुत्रे नाही, कोंबडा नाही, बाजारात एक माणूस नाही. त्यांतली मुले घाबरून रडू लागली. परत फिरले तेव्हा तुमचे भाई ड्रायव्हर भेटले. त्यांनी सांगितले, ते तुमचे काय ते माहीत नाही, पण भूक लागली असेल तर भांडखोर बाई या वर्षी खाडीच्या वळणावर आहे.

आणि मी जाऊन बघते तर आमचे सगळे पाहुणे तुमच्या झोपडीत पंगतीला! आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही त्यांना उशीर केला म्हणून झापत होता, आणि ते हसत होते.

तुम्ही जिंकलात असे तुम्हाला वाटत असेल. नाही आजी. नावाची परीक्षा झालीच नाही, तुम्ही आधीच पेपर फोडलात. लहान मुले दिवसभर उपाशी फिरवलीत एका पाटीसाठी. हे मी तिथे सगळ्यांसमोर बोलले, इथे परत लिहिते. तुमच्या हातातला सार वाढायचा दवला मी ओढून घेतला, तेही चुकले असे मला वाटत नाही. आणि सार खारट होते असे मी म्हटले, ते रागाने म्हटले नव्हते. होतेच खारट.

देवेशच्या त्या नावावर माझेही फार प्रेम नाही. त्याला मी पहिल्या दिवशीच सांगितले होते. पण त्याने ते तुमच्यासारखे कोणाला रडवून लावले नव्हते.

मोठ्यांना असे लिहू नये हे आईने आताच सांगितले. लिहून झाले आहे.

रश्मी


आचरा,
तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी

सौ. रश्मीस आशीर्वाद. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग आणि म्हणावे तिने पोरीला गप्प राहायला शिकवले नाही, फार बरे केले.

हो, मीच सांगितले सगळ्या वाडीला. नौबत वाजल्याबरोबर झोपडी झोपडी फिरून सांगितले. सत्यवान तर आधी घाबरला होता, त्याला मी म्हटले, बाहेरगावचा हो, तीन दिवस सगळे बाहेरगावचेच आहेत. पोरांचे वाईट झाले. त्यांना मी नंतर घावन आणि नारळाचा रस घातला, ती धाकटी माझ्या मांडीवरच झोपली. पण तू एक सांग. माझ्या नावासाठी अख्खी वाडी खोटे बोलली. तुझ्या नवऱ्याच्या नावासाठी एक तरी माणूस खरे बोलायला पुढे आला का?

दवला माझा मोडला आहे. नांदगावच्या बाजारात मिळाला तर आण, करवंटी जाड बघून घे.

यशोदा


पुणे,
८ जानेवारी

ती. गं. भा. आजीस सा. न.

आजी, तू बरोबर होतीस! आधी हे लिहितो, मग बाकीचे.

पाहुण्यांपैकी एकाने तुझा आणि रश्मीचा भांडणाचा व्हिडिओ टाकला. तू दवला ओढतेस, रश्मी ओढते, सार सांडते, आणि मागे सगळे हसून लोटपोट. लाखो लोकांनी बघितला. मला रोज फोन येतात, ती भांडखोर आजी कुठे भेटेल म्हणून. माझ्या ऑफिसातल्या जुन्या साहेबानेसुद्धा केला. सॉल्ट व्हरांडा एकालाही आठवत नाही. मी हरलो, कबूल.

आता ऐक. सॉल्ट व्हरांडा रद्द. खोल्यांवर भांडखोर बाई हेच नाव. पाटी तुझ्या दारावर परत लावायला सत्यवानाला सांगितले आहेच. शिवाय नाव सरकारदरबारी आपल्या नावावर नोंदवायचे, म्हणजे दुसरे कोणी चोरणार नाही. मसाल्याच्या पाकिटावर तुझा डोळे वटारलेला फोटो. मग पुण्यात शाखा. तिथे तू लागणार नाहीस, एक चांगली तोंडाळ बाई पगारावर ठेवू, जी गिऱ्हाइकांवर तुझ्यासारखीच ओरडेल. लोकांना तेच हवे आहे.

तू म्हणत होतीस ते मला आता पटले, नाव फार मोठी गोष्ट आहे. तुझी फक्त सही लागेल. रश्मी परत आली आहे. तू होकार कळव.

तुझा,
देवेश


आचरा,
संक्रांतीनंतरचा सोमवार

देवेशा, आशीर्वाद शेवटी देईन, तोवर काही उरला तर.

पगारावर ओरडणारी बाई ठेवणार? तिला काय सांगशील, कोणी काय केले म्हणजे ओरडायचे? अरे, मी ओरडते ते माशाला. म्हणजे माशासाठी. कोणीतरी पहाटे पाण्यात उतरून आणलेला मासा पानात टाकला की माझे डोके फिरते. ते पगाराने फिरत नाही.

सत्यवानाने पाटी परत लावली. तेव्हापासून काय चालले आहे ते तुला सांगते. ती फोनवाली माणसे येतात. जेवायला नाही, ओरडून घ्यायला येतात. परवा एक पोरगा आला, धडधाकट, दाढीवाला. पानात मुद्दाम भाताचा डोंगर ठेवला, अर्धा बांगडा ठेवला, फोन समोर धरून हसत म्हणाला, आजी, आता ओरडा. मुद्दाम!  मी पान उचलले आणि दारच्या कुत्र्यांना घातले. तो हिरमुसला, बाहेर जाऊन सांगत होता की ही ती आजी नव्हे. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच केले. माझ्या खानावळीत इतका भात कधी वाया गेला नव्हता, आणि तो माझ्याच नावापायी.

गंगारामाने माझे नाव घाण केले ते मी धुतले. तू गोड करतोस, हे कसे धुवायचे?

म्हणून काल पाटी मीच उतरवली. सत्यवान रडकुंडीला आला होता, काकी आता तरी मला एकदाचे सांगा, लावू की काढू. मुक्कामाच्या गाडीचे लोक पाटीशिवाय आले, भाई आला, आपल्या जागेवर बसला, पान चाटून उठला. फोनवाले रस्त्यावरून पुढे निघून गेले.

सही देणार नाही. तुला नाही, तुझ्या बापाला नाही, त्या साहेबाला नाही. खोल्यांना दुसरे नाव शोध, शोधणे तुला येते, पण माणसाच्या तोंडात बसेल असे. भाईकडून म्हणवून घे आणि मग रंगव. माझे नाव पुण्याला जाणार नाही. ज्या चुलीसमोर भांडण होते, तिथेच ते राहणार.

आता जे लिहिते ते तू वाचू नकोस, रश्मीला दे. रश्मी, सार खारट होते. सगळे गेल्यावर मी टोपातले चाखले आणि मला काहीच कळले नाही, ना खारट ना अळणी. जिभेची चव जाऊन आज वर्ष होत आले. अंदाजाने टाकते, हाताच्या सवयीवर. गिऱ्हाइके बोलत नाहीत, मला भितात. एवढ्या वर्षांत तू एकटी बोललीस, तेही दवला हिसकावून. मला इथे गोड बोलणारी दोन बायका नकोत. माझ्या शेजारी उभी राहून चाखणारी, आणि चुकले की सगळ्या पंगतीसमोर माझी अब्रू काढणारी पाहिजे. मी ऐकून घेणार नाही, उलट बोलेन, दवले मोडतील. जमत असेल तर ये, मग पाटी आपण दोघी लावू आणि मी मेल्यावर ती भांडखोर बाई तू. जमत नसेल तर तसे लिही, मी पाटी चुलीत घालते, लाकूड फणसाचे आहे, चांगली जळेल.

देवेशा, तुला उरलेला आशीर्वाद दिला. पण या पत्राचे उत्तर तू लिहायचे नाहीस, फोन तर अजिबात नाही, आणि लवूलाही मध्ये घालायचे नाही. उत्तर रश्मीने लिहायचे, स्वतःच्या हाताने. आणि तिने गोड लिहिलेन तर फाडून टाकीन.

यशोदा